स्वस्तातली टिन व्हिसल : पट्टी कोणती घ्यावी, आणि घरच्या घरी सुधारावी कशी?

विश्रामबागकर
१४ एप्रिल, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. सांगलीतून लिहितेय. माझी मुलगी पाचवीत आहे आणि तिला बासरीचं वेड लागलंय. आडव्या बासरीवर दोन महिने झटली, पण भोकाच्या काठावर फुंक धरायला ओठ बसेना आणि शेवटच्या भोकापर्यंत अनामिका पोचेना. शिकवणारे सर म्हणाले, हात वाढू द्या, वर्षभर थांबा. दहा वर्षांच्या पोरीला वर्षभर थांब म्हणणं म्हणजे विसरून जा म्हणण्यासारखंच. मग कुणीतरी टिन व्हिसल सुचवली. उभी धरायची, शिट्टीसारखी फुंकायची, भोकं सहाच. ऑनलाइन मागवली, टपालासकट साडेअकराशे पडले. पितळी नळी आणि प्लास्टिकचं तोंड. कंपनीचं नाव देत नाही, एका नगावरून कुणाला वाईट ठरवायचं नाही मला.

ती वाजते, पण ऐकवत नाही. मधले स्वर बरे आहेत. सगळी भोकं बंद करून फुंकलं की चारातल्या तीन वेळा स्वर वर उडतो आणि किंचाळतो. वरच्या सप्तकात स्वरापेक्षा वाऱ्याचा फस्स आवाज जास्त. दहा मिनिटं वाजवली की आतून ओली होऊन गप्पच बसते.

माझी खरी अडचण त्याहून वेगळी आहे. आमच्या महिला भजनी मंडळात पेटी मी धरते, आम्ही काळी चारला म्हणतो, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी सा धरून. लेकीनं एक दिवस आमच्यात बसून वाजवावं एवढी इच्छा आहे. व्हिसलवर ‘डी’ लिहिलंय. डी म्हणजे पांढरी दोन हे मला कळतं. मग हिचा सा पांढरी दोनला धरायचा का? तसा धरला तर मंडळाशी जुळणार कसं? शिवाय पांढरी दोन दाबून बघितली तर व्हिसल पेटीपेक्षा चढी लागते.

दुसरी घ्यावी, की हीच सुधारता येईल? हातात कानस धरायची माझी तयारी आहे, फक्त काय घासायचं ते माहीत नाही.

काळी_दोन
१४ एप्रिल, रात्री १०.०५

ताई, पट्टीचा घोळ आधी सोडवू. तो सुटला की निम्मं काम झालं.

व्हिसलवर जो स्वर लिहितात तो सहाही भोकं बंद केल्यावर निघणारा. आयर्लंडकडचे वादक सा तिथूनच धरतात. आपण बासरीत सा धरतो तो वरची तीन बंद आणि खालची तीन उघडी ठेवून. भोकांचा क्रम दोन्हीकडे तोच, सा कुठून मोजायचा एवढाच फरक. त्यामुळे मुलीनं दोन महिन्यांत बासरीची जी बोटं शिकली ती मोडू नका, तीच हिच्यावर ठेवू द्या. मग हिचा सा पांढरी पाचला येतो आणि सगळी बंद केल्यावर खालचा पंचम. पांढरी पाच तुमच्या काळी चारपेक्षा एकच पट्टी खाली आहे. मंडळानं एखादा अभंग अर्धा स्वर उतरून म्हटला तर कुणाच्या गळ्याला त्रास व्हायचा नाही.

पुढं कधी नवी घ्यायची झाली तर हिशोब असा: व्हिसलवरच्या स्वरापासून पेटीवर काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून पाच पट्ट्या वर मोजायच्या, तिथं आपला सा. जनरेशन कंपनी बी फ्लॅट, सी, डी, ई फ्लॅट, एफ आणि जी अशा पट्ट्यांत व्हिसल करते. ई फ्लॅटचा सा येतो थेट काळी चारला, म्हणजे तुमच्या मंडळाची पट्टी. बी फ्लॅटचा येतो काळी दोनला, जी पुरुषांच्या भजनात फार चालते आणि माझीही तीच. सीचा पांढरी चार, एफचा काळी पाच, जीचा पांढरी एक. काळी एकवाल्यांची मात्र पंचाईत आहे, त्यांना जी शार्पची लागते आणि ती या नेहमीच्या पट्ट्यांत नाही. जी आणि एफ दिसायला छोट्या म्हणून मुलांना सोप्या वाटतात, पण आवाज फार बारीक आणि टोकदार. लहान हाताला डी किंवा ई फ्लॅट पुरे.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार आवडली. बासरीच्या बोटांनी धरलं की सगळी भोकं उघडी टाकल्यावर तीव्र मध्यम येतो. म्हणजे अख्खा यमन राग अर्धं भोक न दाबता निघतो. भूप रागाला तर मध्यमाची गरजच नाही. शुद्ध मध्यमासाठी पहिलं भोक अर्धं दाबायचं, नाहीतर पहिलं उघडं ठेवून दुसरं-तिसरं बंद करायचं. ही दुसरी युक्ती लहान बोटांना सोपी जाते.

खर्जाची आशा मात्र ठेवू नका. बासरीवादक पन्नालाल घोषांनी लांब, जाड बांबूची बासरी मैफिलीत आणली ती त्या खालच्या गंभीर आवाजासाठी. ही त्याच्या नेमक्या उलट्या टोकाला. डी व्हिसलचा सर्वांत खालचा स्वरच ५८७ हर्ट्झचा, पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या एक सप्तक वर.

दोन_सप्तकं
१५ एप्रिल, सकाळी ७.४०

नोकरीच्या निमित्तानं पाच वर्षं डब्लिनला होतो, तिथं हे वाद्य हाताला लागलं. आता परत कुपवाडला आहे. माझ्याकडं सात-आठ व्हिसल आहेत, एकही दोन हजारांच्या वरची नाही. त्यामुळे स्वस्तातल्यांबद्दल सांगू शकतो.

हे वाद्य जन्मापासून स्वस्तच आहे. रॉबर्ट क्लार्क यानं १८४३ मध्ये इंग्लंडात कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याची व्हिसल करायला घेतली, त्यावरून नावात ‘टिन’ आलं. पत्रा गुंडाळलेला, नळी खाली निमुळती, तोंडात लाकडाचं बूच. त्या घडणीची क्लार्क आजही मिळते. तिला श्वास जास्त लागतो आणि आवाजात वारा मिसळलेला असतो, पण तो वारा कानाला गोड लागतो. दुसरी जात तुमच्यासारखी, सरळ पितळी नळी आणि वर साच्यातून काढलेलं प्लास्टिकचं तोंड. जनरेशन त्यातली, डब्लिनची फेडोगही त्यातलीच. आयरिश भाषेत फेडोग म्हणजे शिट्टी.

या दुसऱ्या जातीत नळी सहसा ठीकच असते, पितळेच्या नळीत बिघडण्यासारखं काय आहे? सगळं बरंवाईट तोंडात ठरतं. वाऱ्याची वाट किती अरुंद आहे, ती खिडकीपाशी, म्हणजे तोंडावरच्या चौकोनी फटीपाशी, कशी उघडते, समोरच्या धारेवर वारा कसा आदळतो, यावर सगळा आवाज. साचा जरा झिजला की एका खोक्यातल्या दोन व्हिसल एकमेकींसारख्या वाजत नाहीत. म्हणून दुकानात घ्यायची संधी मिळाली तर चार वाजवून एक घ्यावी.

आता तुमची. कानस उचलायच्या आधी दोन गोष्टी तपासा. सगळी बंद केल्यावर स्वर उडतो, त्याचं पहिलं कारण बहुतेकदा व्हिसल नसते, बोट असतं. मुलीला भोकांवर बोटं घट्ट दाबून धरायला सांगा, दहा आकडे मोजा, मग बोटं उचलून बघा. प्रत्येक बोटावर भोकाचं पूर्ण वर्तुळ उमटलं पाहिजे. दुसरं, फुंक. बासरीची सवय असलेला माणूस हिच्यात दुप्पट वारा घालतो. खालच्या सप्तकाला कपातला चहा निववताना मारतो तेवढी फुंक पुरे.

चढा लागतो त्याला उपाय आहे. तोंड नळीवर कंपनीनं चिकटवलेलं असतं. गरम पाणी घ्या, उकळतं नको, हात लावून चटकन मागं घ्यावा एवढं. तोंडाकडची बाजू अर्धा-एक मिनिट त्यात बुडवा, फडक्यात धरून पिळा. सरळ ओढू नका, आधी गोल फिरू द्या. गोंद सुटला की तोंड वर-खाली सरकवता येतं. वर सरकवलं की नळी लांबली, स्वर उतरला. एक मिलिमीटर म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण सतरावा हिस्सा. दोन-तीन मिलिमीटरच्या पलीकडं सहसा जाऊ नये. कमी भोकं बंद असतात तेव्हा वाजणारी नळी आखूड असते आणि तेवढ्याच मिलिमीटरनं तिचा स्वर जास्त उतरतो, मग भोकाभोकांचं आपसातलं नातं बिघडतं.

विश्रामबागकर
१६ एप्रिल, रात्री ८.५०

दोघांचेही मनापासून आभार.

बोटं तपासली. पाच बोटांवर गोल वर्तुळ, आणि उजव्या अनामिकेवर चंद्रकोर! पोर बोटाच्या टोकानं दाबत होती. पेराचा सपाट भाग टेकव म्हटल्यावर खालचा पंचम आला, तोही एकदम भरलेला. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तोंडही निघालं. दुसऱ्यांदा बुडवल्यावर टिक असा आवाज होऊन फिरलं. नळीवर गोंदाचं पिवळं कडं होतं, ते नखानं खरवडलं. आता नळीवर जरा सैल बसतंय. दीड मिलिमीटर वर घेतल्यावर पांढरी पाच जुळली. सकाळी जुळली होती, म्हणजे. आज दुपारी चारला वाजवली तर परत चढी. असं का?

आणि तोंड काढल्यावर आत बघितलं तर ज्या बुचावरून वारा जातो ते भरीव नाहीच, खालून पोकळ आहे. माझी करंगळी थोडी आत जाते. हे असंच असतं का?

दोन_सप्तकं
१६ एप्रिल, रात्री ९.३०

असंच असतं, आणि वरच्या सप्तकाच्या फस्स आवाजाचं एक मोठं कारण तिथंच आहे.

प्लास्टिक साच्यात जाड ओतलं तर निवताना खड्डे पडतात, म्हणून सगळ्या भिंती पातळ ठेवतात. त्यात बुचाच्या पोटात पोकळी राहते. नळीतली हवा जिथं हलते त्याच्या शेजारीच ही एक रिकामी कोठी. खालच्या स्वरांना ती फार त्रास देत नाही, वरच्यांना देते. क्लार्कच्या लाकडी बुचात हा प्रश्नच नाही.

उपाय वीस रुपयांचा आहे. भिंतीवर कागद चिकटवायची निळी-पांढरी पुट्टी मिळते, ब्लू टॅक किंवा तसली कुठलीही, स्टेशनरीच्या दुकानात. शेंगदाण्याएवढी घ्या, हातात मळून मऊ करा, छोटी वळी करा आणि नळी बसते त्या बाजूनं पेन्सिलीच्या मागच्या टोकानं त्या पोकळीत दाबत जा. पोकळी भरून पुट्टीचा चेहरा बुचाच्या खिडकीकडच्या कडेला समतल आला की थांबा. खिडकीत डोकावता कामा नये आणि वाऱ्याच्या वाटेत तर कणही जाता कामा नये. एम-सील वापरू नका. ती दगड होते, मग चुकलं तर तोंड फेकून द्यावं लागतं. मेणही नको, मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिली तर वितळून वाटेत येईल.

भरल्यावर आधी वाजवा, लगेच ठरवू नका. वरचं सप्तक स्थिर होतं, खालून वर जाताना अडखळ कमी होते. कधी कधी खालचा स्वर किंचित हट्टी होतो. तसं झालं तर तांदळाच्या दाण्याएवढी पुट्टी काढून परत बघा.

सैल बसतंय त्याला नळाची पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे. घट्टही बसेल आणि सरकेलही.

दुपारचं चढणं म्हणजे हवेचा गुण. हवा तापली की तिच्यातून आवाज जास्त वेगानं जातो आणि फुंकायच्या वाद्याचा स्वर चढतो. नळीतली हवा दहा अंशांनी तापली तर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढा फरक पडतो. पेटीतली पितळी पाती तशी चढत नाहीत. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये सकाळ आणि दुपारची खूण वेगळी. नळीवर पेन्सिलीनं दोन बारीक रेघा मारून ठेवा.

काळी_दोन
१६ एप्रिल, रात्री १०.१०

पुट्टीच्या मुद्द्याला माझ्याकडून जोड. आपल्या बोटांनी वाजवताना सा रे ग आणि तीव्र म खालच्या सप्तकातले, आणि पंचमाला एकदम सगळी बंद करून फुंक वाढवायची. म्हणजे सप्तक बदलायची उडी आपल्याला ऐन मध्यात, मध्यम-पंचमात घ्यावी लागते. यमनात तर प्रत्येक तानेत. आयरिश पद्धतीत ती उडी नि आणि वरच्या सा मध्ये येते. म्हणून तोंडाची ही दुरुस्ती आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त गरजेची आहे.

जवारी_मिरज
१७ एप्रिल, दुपारी १.१५

मी व्हिसल कधी वाजवली नाही. मिरजेत सतारीच्या कामात आहे, बावीस वर्षं जवारी काढतोय, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेचा आवाज खुलवतोय. धागा वाचला आणि राहवेना, कारण ताईंनी पहिल्याच दिवशी लिहिलंय की कानस धरायची तयारी आहे. कानशीबद्दल मला सांगू द्या.

सतारीची तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा दिसायला सपाट असतो, पण सपाट नसतो. अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर घासत थरथरते म्हणून सतार बोलते. तो उतार आमच्याकडं मापानं निघत नाही. कानस एकदा फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं. परत उतरवायची, परत एकदा. एका घोडीला कधी तास लागतो, कधी अख्खी दुपार. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून बाहेरची माणसं बघायला येतात आणि विचारतात, हे मशिनवर का करत नाही? मी त्यांना घोडी दाखवतो आणि एकच हात फिरवून परत वाजवून दाखवतो. फरक त्यांना ऐकू येतो. मग विचारत नाहीत.

काल शेजारच्या पोराची असलीच एक व्हिसल आणून बघितली. धार बघायची पद्धत सांगतो. तोंड नळीपासून काढा, उजेडाकडं धरा आणि जिथून फुंकतात तिथून डोळा लावून आत बघा. वाऱ्याच्या वाटेच्या पलीकडं धारेची रेघ दिसते. ती रेघ स्वच्छ, सरळ पाहिजे. त्या पोराच्या व्हिसलमध्ये तिला एका बाजूला केसासारखी प्लास्टिकची बर लटकत होती, साच्याच्या जोडावरची. वाऱ्याच्या वाटेच्या कोपऱ्यातही तशीच एक. वारा त्यावर फाटणार नाही तर काय होणार?

कानस लावू नका तिथं. कानस त्या कामाला फार मोठी. हजार नंबरचा पाण्यातला पॉलिश पेपर घ्या, जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची बोटभर लांब चिंचोळी पट्टी कापा, तिला पेपर चिकटवा. पट्टी ओली करून धारेच्या खालच्या अंगानं, आतून बाहेर, फक्त दोन हात. मग धुवा, बसवा, वाजवा. बर निघाली असेल तर थांबा. धार टोकदार करायच्या नादाला लागू नका, ती मागं सरकली की खिडकी मोठी झाली, आणि प्लास्टिक परत चिकटवता येत नाही. हाडाचंही तेच आहे. माझ्या हातून सुरुवातीच्या वर्षांत शिंगाच्या दोन घोड्या जास्त घासून वाया गेल्या, त्या अजून कपाटात ठेवल्यात.

वाऱ्याच्या वाटेत पेपर घालू नका. तिथली बर बारीक सुईच्या टोकानं उचलून काढा.

यवतेश्वर_घाट
१७ एप्रिल, संध्याकाळी ६.३०

साताऱ्याहून. ओल्या होण्याचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. श्वासातली वाफ थंड प्लास्टिकवर थेंब होऊन बसते आणि वाट बुजते. भांडी घासायचा लिक्विड साबण चमचाभर पाण्यात एक थेंब टाका, ते पाणी वाऱ्याच्या वाटेतून ओता, झटका आणि न पुसता वाळू द्या. साबणाच्या पातळ थरामुळं पाण्याचे थेंब धरत नाहीत, पसरून वाहून जातात. आठ-दहा दिवस टिकतं. वाजवायच्या आधी पाच मिनिटं तोंड मुठीत धरून गरम करायचं. आमच्याकडं डिसेंबरात हे केलं नाही तर दुसऱ्या ओळीलाच बंद पडते. मध्येच अडली तर खिडकीवर बोट ठेवून एक जोराची फुंक.

प्रश्न माझाही आहे. जत्रेत बांबूचा तोंडाचा पावा तीस-चाळीस रुपयांना मिळतो. आमच्या आजोबांच्या तोंडी त्याला अलगूज हा शब्द होता. तोच का घेऊ नये?

काळी_दोन
१७ एप्रिल, रात्री ९.००

अलगूज! किती वर्षांनी हा शब्द वाचला.

जरूर घ्या, मुलांच्या हातात तो आधी यायला हवा. पण जत्रेतल्या पाव्याची भोकं बहुतेकदा सारख्या अंतरावर डागलेली असतात, आणि सप्तकातली अंतरं सारखी नसतात. एकट्यानं वाजवायला गोड, पेटीशेजारी बसवला की जुळत नाही. ताईंना मंडळात बसवायचं आहे. पितळी नळीत भोकं मोजून पाडलेली असतात, पैसे त्याचे आहेत.

विश्रामबागकर
२३ एप्रिल, रात्री ९.१५

आठवड्याचा हिशोब देते.

जवारी दादा, तुमच्या सांगण्याप्रमाणे उजेडात धरून बघितलं. धार स्वच्छ होती, पण वाटेच्या डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकचा एक बारीक पापुद्रा वर आलेला. भिंगातून बघितल्यावर दिसला. सुईनं उचलला, तिळाच्या सालीएवढा असेल. धारेला पेपर लावलाच नाही. पापुद्रा काढल्यावर वाजवून बघितली तर वरचा सा मोकळा झाला होता. नंतर पुट्टी भरली. आता मध्यमावरून पंचमावर जाताना दहातल्या आठ वेळा उडी नीट बसते. साबणाचं पाणीही केलं, वीस-पंचवीस मिनिटं बिनघोर वाजते.

राहिलंय ते दोन स्वरांचं. ऋषभ पेटीपेक्षा चढा आहे आणि गंधार उलट किंचित उतरा. सा आणि पंचम जुळलेले. तोंड सरकवून हे जाणार नाही हे मला कळतंय.

दोन_सप्तकं
२३ एप्रिल, रात्री १०.००

बरोबर, हे भोकांचं काम. जे पहिलं उघडं भोक असतं तेच स्वर ठरवतं. ऋषभाला वरची दोन बंद, म्हणजे तिसरं भोक. त्याच्या तोंडाकडच्या काठावर पारदर्शक चिकटपट्टीची चिंचोळी कात्रण लावा, भोकाचा नखाच्या कडेएवढा भाग झाकेल अशी. भोक लहान झालं आणि खाली सरकलं की स्वर उतरतो. पट्टी बोटाला टोचू नये म्हणून नळीभोवती पूर्ण वेढा द्या आणि भोकापुरती ब्लेडनं कापा. पसंत पडलं नाही तर काढून टाकता येतं.

गंधार चढवायचा तर दुसरं भोक तोंडाच्या दिशेनं थोडं मोठं करावं लागेल, गोल कानशीनं. पितळ आहे, परत भरत नाही. घाई करू नका.

काळी_दोन
२३ एप्रिल, रात्री १०.३५

गंधाराला हात लावू नका ताई!

पेटीचा गंधार हा मुळात चढा असतो. पेटीत बारा पट्ट्या सारख्या अंतरानं वाटलेल्या आहेत, त्या वाटणीत शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा वर जातो. रोज पेटी धरणाऱ्याच्या कानाला तोच बरोबर वाटायला लागतो, माझंही तेच झालं होतं. मोबाईलवर तंबोरा लावा, सा पांढरी पाच, पेटी झाकून ठेवा आणि मुलीला सा वरून गंधारावर जाऊन तिथं थांबायला सांगा. तो तंबोऱ्यात विरघळत असेल तर तो उतरा नाही, योग्य आहे.

मिरजेत हे सांगायला नको खरं तर. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब जिथं राहिले आणि १९३७ मध्ये गेल्यावर जिथं त्यांना आणलं, त्या गावात तंबोरा जुळवण्यावर माणसं तासन् तास घालवतात.

जवारी_मिरज
२४ एप्रिल, सकाळी ८.०५

काळी दोन यांच्या बोलण्याला माझा पाठिंबा. जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जात गंधार आपोआप ऐकू येतो, कुणी वाजवत नसताना. पोरीला एकदा मिरजेला घेऊन या. दुकानात चार तंबोरे कायम जुळवलेले असतात. त्यांच्यात बसून व्हिसल वाजवू दे, मग ठरवा भोकाचं.

विश्रामबागकर
४ मे, रात्री ९.४०

रविवारी मिरजेला जाऊन आलो. जवारी दादांनी दोन तंबोरे पांढरी पाचला लावून ठेवले होते. भिंतीला टेकवलेले, पुढं घोडीवर घालायच्या दोऱ्याची रिळं आणि सगळीकडं लाकडाचा भुसा. लेक जमिनीवर बसली, तिनं सा धरला, रे, मग गंधारावर थांबली. मला कळायच्या आधी तिला कळलं. डोळे मोठे करून माझ्याकडं बघितलं आणि फुंक न सोडता तशीच थांबून राहिली, श्वास संपेपर्यंत. दुसऱ्या भोकाला कानस लावायची गरज नव्हती.

तंबोऱ्यावर ऋषभही ऐकला. तो खरोखरच चढा होता. तिथंच बसून चिकटपट्टी लावली. पहिल्यांदा जास्त झाकलं गेलं, काढून परत लावली.

परवा मंडळात पांढरी पाचला एक अभंग घेतला. पेटीवर मी गंधार शक्य तिथं सोडला आणि तिला तो एकटीला घेऊ दिला. दोघी-तिघींनी विचारलं, आज पट्टी उतरली का? मी हो म्हटलं, त्यावर कुणी काही बोललं नाही.

दोन गोष्टी अजून आहेत. आमची खोली लहान आणि वरचा पंचम फार टोचतो, शेजारी आजी आजारी आहेत. आवाज कमी करता येतो का? आणि दिवाळीला ई फ्लॅट मागवायचा विचार आहे, म्हणजे मंडळाला काळी चार सोडावी लागणार नाही. कुणाला नवी मागवायची असेल तर एकत्र मागवू, टपाल वाचेल.

दोन_सप्तकं
४ मे, रात्री १०.१५

खिडकीच्या एका बाजूला उभी पुट्टीची बारीक पट्टी लावा, खिडकीचा साधारण चौथा हिस्सा झाकेल एवढी. धारेला चिकटू देऊ नका. आवाज दबतो, फुंकही कमी लागते. स्वर किंचित उतरेल, तोंड तेवढं आत घ्या. मंडळात जाताना काढून ठेवायची.

ई फ्लॅटमध्ये माझी एक धरा.

यवतेश्वर_घाट
५ मे, सकाळी ७.२०

माझी बी फ्लॅट, काळी दोनसाठी. पण बी फ्लॅटची भोकं डीपेक्षा लांब लांब असणार ना? आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे.

काळी_दोन
५ मे, सकाळी ८.००

असतात, आणि आठ वर्षांच्या हाताला पुरणार नाहीत. त्याला आता डी घ्या, पांढरी पाचला वाजवू दे. बी फ्लॅट तुम्हाला स्वतःसाठी हवी असेल तर माझ्याकडं एक जादा आहे, पुट्टी भरलेली आणि बर काढलेली. पुढच्या महिन्यात साताऱ्याला येतोय, घेऊन येतो. आधी वाजवून बघा, मग ठरवा.